मार माझ्या वाट्याचा

२ मार्च

पाठ सुजली. नेहमीसारखीच. जोडीच्या कुस्तीचं गणित साधं आहे, सगळं आधीच ठरलेलं — आधी मी मार खायचा. भरपूर! लोकांचा जीव टांगणीला लागला की रांगत रिंगच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, बाहेर उभ्या असलेल्या मेहुण्याच्या हातावर हात मारायचा, आणि मग हे महाशय दोरावरून उडी मारून आत! समोरचे दोघे चारी मुंड्या चीत. टाळ्या, शिट्ट्या, सगळं त्याला. मी खाली दम खात पडलेला. अकरा वर्षं!

याला या धंद्यात आणला मीच. धाकटी बहीणही यालाच दिली. पोस्टरवर मात्र त्याचा चेहरा आणि माझा खांदा.

५ मार्च

आमच्या कुस्ती कंपनीच्या मालकाने दोघांना ऑफिसात बोलावलं. म्हणाला, "जोडी फोडायची. शनिवारी हा तुला मागून खुर्ची हाणणार. लोक पेटले पाहिजेत! कुस्तीच्या मोठ्या कंपनीचा माणूस बघायला येतोय. आवडलं तर हा तिकडे एकटा लढेल."

"आणि मी?"

"तुझं बघू ना. पोरांना शिकव."

मेहुणा बुटांकडे बघत उभा. जिन्यात म्हणाला, "दादा, मी नव्हतं रे मागितलं हे." नको असंही नाही म्हणालास ना!

७ मार्च

बहिणीचा फोन. नवीन घर बघून ठेवलंय. "दादा, तू खूश आहेस ना रे?" खूश आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार, डोंबल?

८ मार्च

खुर्चीची तालीम. पाठीवर सपाट बसली पाहिजे, कड लागता कामा नये. हा इतका हळू मारतो की मालक ओरडला, "गादी झटकतोयस का?"

मी पडलो की तो माझा हात धरून मला फरफटवणार. त्यात हळूच हात दाबणार — म्हणजे, ठीक आहेस ना? मी उलट दाबायचा — ठीक. दाबला नाही तर खरंच लागलंय, खेळ तिथेच बंद. लोकांना यातलं काही दिसत नाही. बाकी सगळं ठरवून केलेलं, एवढं एकच आमचं खरं.

९ मार्च

उद्या शेवटची कुस्ती. निदान उद्या तरी माझं नाव आधी पुकारतील? छे!

११ मार्च

काल मी हात दाबला नाही.

खुर्ची बरोबर बसली होती. लागलं काहीच नाही. लोक त्याला शिव्या घालत होते आणि माझ्यासाठी हळहळत होते — पहिल्यांदा माझ्यासाठी! त्याने हात दाबला. मी डोळे मिटून पडून राहिलो. त्याने पुन्हा दाबला. म्हटलं, घे! जरा तुझाही जीव कासावीस होऊ दे. थोडाच वेळ. मग दाबणारच होतो, देवाशपथ.

पण त्याने तेवढी वाटच बघितली नाही. मटकन खाली बसला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर धाय मोकलून — "दादा! अरे दादा! डॉक्टरला बोलवा कुणीतरी!" ज्याने दगा द्यायचा तोच रडतोय! मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळेच हसले. मोठ्या कंपनीचा माणूस उठून गेला म्हणे. आता डोळे उघडायचे तरी कुठल्या तोंडाने? तसाच स्ट्रेचरवरून बाहेर.

१२ मार्च

तिकडचं बोलावणं रद्द. मालकानेही त्याला काढून टाकलं. बहिणीनेच फोनवर सांगितलं. घराचं अवाक्षर काढलं नाही. वर मलाच विचारते, "फार दुखतंय का रे, दादा?"

हो म्हणालो! स्वतःचीच किळस आली.

१४ मार्च

मेहुणा येऊन गेला. फळं घेऊन! सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण त्याचीच फळं खात बसलो. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "बेशुद्ध माणूस डोळे इतके घट्ट मिटत नसतो, दादा. मला तेव्हाच कळलं. म्हटलं, दादाला मी गेलेलं नकोय. मग कशाला जायचं? म्हणून मुद्दाम रडलो."

मग दार ओढून घेता घेता — "तिला मात्र कळू देऊ नकोस."