मागे राहिलेलं विमान

दौंड, रविवार, ऑक्टोबर १९७९

शेजारच्या गार्डसाहेबांकडे आज टीव्हीवर आकाशातल्या लढाईची इंग्रजी मालिका होती. मराठीत सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझं. आकाशात उडणाऱ्या जहाजाचं इंधन संपत आलेलं, म्हणून त्यावरची पोरं छोटी विमानं घेऊन, जिवावर उदार होऊन शत्रूच्या साठ्यावर तुटून पडली. पुष्पक विमानाला इंधन लागल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही, असं म्हटलं तर सगळे हसले. पारूमावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा शिवा एकाहत्तरच्या लढाईपासून बेपत्ता आहे.

पडद्यावर एक विमान पेटलं.

"त्यातला पोरगा?" मावशींनी विचारलं.

तो मेला, असं तिथे स्पष्ट म्हणत होते.

"खाली उतरला, मावशी. सुखरूप आहे."

हे काय बोलून बसलो मी? शेवटी इंधन मिळालं, जहाजावर मिठ्या मारणं सुरू झालं. मी म्हणालो, "जिंकले बघा."

"व्हय, पन त्याला आनाया कोन गेलं?"

कुणीच गेलं नव्हतं. "पुढच्या रविवारी जातील."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मग तवा मला हाक मारा. इसरू नगा."