गाय डांबरीवर आणावी

४ जानेवारी २००४, रविवार
निर्णय झाला. जुनी गाडी काढायची, स्पोर्ट बाइक घ्यायची. वय बेचाळीस. हे काही वय नव्हे.
जुनी गाडी वाईट नाही. उंच आहे, टायर बटनांचे, सायलेन्सर वर वळवलेला, मागं लोखंडी कॅरिअर. जाहिरातीत तिला ॲडव्हेंचर म्हणायचे. माझं ॲडव्हेंचर म्हणजे नऊ वर्षं शिरूर तालुक्यातल्या वस्त्या पालथ्या घालून गायी भरवणं. कृत्रिम रेतन. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, गायीच्या मागं उभं राहायचं आणि आत वळूच्या वीर्याची कांडी सोडायची. लोक तोंडावर डॉक्टर म्हणतात. माघारी वळू म्हणतात, तेही मला माहीत आहे. लाल स्पोर्ट बाइकवरच्या माणसाला कोणी वळू म्हणणार नाही.
हातगुण माझाच. दहातल्या सात गायी पहिल्या कांडीत गाभण राहतात. ते हातामुळं, गाडीमुळं नाही. म्हणजे गाडी कुठलीही चालेल. विषय संपला.

११ जानेवारी
गाडी आली. पुण्याहून स्वतः चालवत आणली. हँडल खाली, सीट वर, जवळजवळ पोटावर झोपूनच चालवायची. कारेगावला कंपनीतली पोरं वळून बघत होती.
नकुशीनं, म्हणजे बायकोनं, गाडीकडं एकदा पाहिलं आणि गोठ्यात गेली. गोठ्यात आता एकच गाय आहे. दुसरी विकली, तिचे पैसे गाडीत गेले. दोन्ही तिनं वासरापासून वाढवल्या हे खरं. विचारलं नाही, कारण तिनं नाही म्हटलं असतं. घर आपल्या दुधावर चालतं असा तिचा समज आहे. माझा धंदा ती धरतच नाही.
जुनी गाडी अझरुद्दीनला दिली. पाबळच्या रोशनबीचा, माझ्या मानलेल्या बहिणीचा, थोरला. नुकताच रेतनाचा कोर्स करून आलाय. मामा, तुमचा आशीर्वाद असू द्या म्हणाला. दिला. पोरगा मवाळ आहे, चिखलात फिरायला ठीक.

१३ जानेवारी, रात्री ८
टाकीचा प्रश्न सुटला. कांड्या गोठलेल्या राहाव्यात म्हणून त्या नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. मोठ्या थर्मासएवढी टाकी. स्पोर्ट बाइकला कॅरिअर नसतं, लावलं तर लूक जातो. म्हणून आमच्या पोरीची, शितलची, शाळेची जुनी सॅक घेतली आणि टाकी पाठीला मारली. मी पुढं झुकलो की टाकीही झुकते आणि झाकणातनं पांढरी वाफ निघते. मागून बघणाऱ्याला जेट विमान वाटत असणार.
आज दौंडला नायट्रोजन भरून आलो. पूर्वी दीड तास लागायचा. आज येताना पंचावन्न मिनिटं. सगळा रस्ता वाफ.

१९ जानेवारी
तीन गायी भरवल्या. तिसऱ्या वस्तीवर गाडी पाटाच्या कडेवर पोटानं अडकली. पुढं जाईना, मागं येईना. चौघांनी बांबू घालून उचलली. त्यातला एक हसला. त्याची गाय यापुढं शेवटी.
संकल्प: आता शेतात गाडी घालायची नाही. दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लिहून आलो. ‘गाय डांबरीवर आणावी. वेळ सकाळी ८ ते १०. डॉ. गोकुळ.’
केंद्राचे चेअरमन सोपानराव म्हणाले, गाय काय घड्याळ बघून माजावर येत नाही. मी म्हणालो, सवय लावावी लागेल.

२३ जानेवारी
डांबरीवरची पहिली केस. न्हावऱ्याच्या पुढच्या शेवंताबाई. एकटी बाई, एकच गाय, दुसरं काही नाही. गाय घेऊन डांबरीच्या कडेनं मी सांगितलेल्या जागेपर्यंत दीड तास चालत आल्या. माझी जरा वाट पाहावी लागली त्यांना, हेल्मेटची काच पुसत होतो.
गाय मैलाच्या दगडाला बांधली. हात आत घातला आणि नेमकी दौंडहून यष्टी आली. ड्रायव्हरनं मुद्दाम हॉर्न दाबला. गायीनं दावं तोडलं. माझा हात कोपरापर्यंत आत. चाळीस पावलं गायीबरोबर पळालो. दुसरा कोणी असता तर पडला असता. यष्टीच्या सगळ्या खिडक्यांतनं माणसं बाहेर आली होती. मी मोकळा हात हलवला.
कांडी सुटली हे नक्की. कुठं सुटली ते हातगुणावर सोडलं.

२८ जानेवारी
घरची गाय माजावर. खास कांडी काढून स्वतः भरवली. नकुशी दावं धरून उभी होती. टाकीत वाफ का दिसत नाही, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं?

९ फेब्रुवारी
१९ तारखेच्या तिन्ही गायी उलटल्या, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आल्या. कारणं: खराब पेंड, थंडी, मालकाची वृत्ती. बांबूवाल्याला तसं सांगितलं. तो अझरुद्दीनचा नंबर लिहून घेऊन गेला.

१३ फेब्रुवारी
शेवंताबाई चालत घरी आल्या. गाय बरोबर नव्हती. म्हणाल्या, “डाक्टर, गाय परत हंबराया लागली. म्या तिला आता डांबरीला न्हेणार न्हाई. तुमीच वस्तीवर या.”
त्यांना ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगितला. गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग डांबरीपासनं पायी या की. अर्धा किलोमीटर, रायडिंग जाकीट घालून, ढेकळातनं. अडाणी माणसाशी किती बोलणार? येतो म्हणालो. त्या हात जोडून गेल्या. जाकीट नुकतंच धुतलं होतं, त्यामुळं जमलं नाही.

१८ फेब्रुवारी
घरच्या गायीला आज एकवीस दिवस. दिवसभर दौंडला होतो, हेल्मेटला काळी काच बसवायची होती. संध्याकाळी आल्या आल्या नकुशीला विचारलं, गाय कशी आहे. “गप हाय,” म्हणाली.
गप आहे म्हणजे माज नाही, गाभण राहिली. हातगुण!

१ मार्च
दौंडला नायट्रोजन भरायला गेलो. एजन्सीवाला तात्याबा आगाऊ माणूस. त्यानं टाकीत पट्टी घालून पाहिली. कोरडी ठणठणीत. म्हणाला, टाकी उभी ठेवायची असते, आडवी केली की सगळं उडून जातं. त्याच्या मते जानेवारीपासून मी मेलेल्या कांड्या भरतोय. नवीन टाकी भर आणि यष्टीनं घेऊन जा म्हणाला.
हा माणूस जन्मात ऐंशीच्या स्पीडवर गेलेला नाही. त्याच्याकडून मी शिकायचं?
आजवर सव्वीस भरवल्या, पंचवीस उलटल्या. पण एक टिकली, घरची. टाकी मेलेली असती तर ती कशी टिकली? तात्याबाला हे विचारलं. त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाची टाकी भरायला घेतली. नवी टाकी सॅकमध्ये घालून निघालो. वाफ छान निघत होती.

२६ मार्च
फोन वाजत नाही. रेंज बघितली. रेंज आहे.
अझरुद्दीन म्हणे वस्तीवर कुठल्याही वेळी जातो. पाट असो, ढेकळं असोत. माझ्याच जुन्या गाडीवर. म्हणजे एका अर्थानं सर्व्हिस माझीच चालू आहे.
सोपानरावांकडून कळलं, शेवंताबाईंनी गाय बाजारात दिली. तीन माज वाया गेले, दूध आटलं, सांभाळणं होईना. सगळ्यांनी सांगूनही त्यांनी अझरुद्दीनला बोलावलं नाही. डाक्टर येतो म्हणालेत, म्हणाल्या. अशी निष्ठा हल्ली दिसत नाही. एक गिऱ्हाईक गेलं, पण तो पायी येण्याचा वाद मिटला.

२९ एप्रिल
जबरदस्त प्लॅन. सोमवारी सरकारी डॉक्टरांना घरी बोलावून गाय तपासायची. सोपानरावांना आणि दूध घालणाऱ्या सगळ्यांना चहाला बोलवायचं. सगळ्यांदेखत गाभण निघाली की लोक परत. अझरुद्दीनलाही बोलावलंय. पोरानं शिकावं.
नकुशी म्हणाली, माणसं बोलवू नका. जेवताना परत म्हणाली. झोपतानाही म्हणाली. तिला माझं चार लोकांत नाव झालेलं बघवत नाही.

३ मे, सोमवार
वीस-बावीस जण आले. गाडी दारात तिरकी लावली होती. डॉक्टरांनी हात घातला. गाभण. मी सगळ्यांकडं पाहिलं.
डॉक्टर म्हणाले, अडीच महिने. मी म्हणालो, २८ जानेवारीला भरवली, तीन महिने झाले. ते म्हणाले, अडीच. सरकारी माप जरा कमीच भरतं, असं मी सोपानरावांना हसून सांगितलं. मग पाच-सात मिनिटं हातगुणावर बोललो. पंचवीस गायींत दोष होता, हात तोच आहे, पुरावा दावणीला उभा आहे, वगैरे. चांगलं जमलं होतं.
नकुशीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.
“अठरा फेब्रुवारीला भरलीय ती. तुमी दौंडला काच आणाया गेलता. म्याच अझरुद्दीनला बोलवलं.”
मी म्हणालो, गप आहे म्हणालीस.
“भरून झाल्यावर गपच व्हती. एक गाय तुमी इकली. ऱ्हायलेल्या एकीला परत तुमचा हात कशी लावू देऊ?”
अझरुद्दीन खाली बघत म्हणाला, मामींनी सांगू नको म्हटलं होतं. सोपानरावांनी चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि निघाले. मग सगळेच निघाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

४ मे
नोंद नाही.

७ मे
अझरुद्दीन आला. त्याला चाळीस गावं झालीत, दर आठवड्याला दौंडला नायट्रोजन भरायला जायला सवड नाही. मामा, तुम्ही आणाल का, म्हणाला. मी विचार केला, हे योग्यच आहे. शिरूर ते दौंड सगळी डांबरी. या कामाला माझ्या गाडीसारखी गाडी नाही. पंचावन्न मिनिटं, म्हणालो.
“गाडी नको, मामा. यष्टीनं जावा. टाकी उभी ऱ्हायाला पायजे.”
मी म्हणालो, कळवतो. आतून नकुशी म्हणाली, जातील ते.

१० मे, सोमवार
सव्वानऊची शिरूर–दौंड. खिडकीची जागा मिळाली. टाकी मांडीवर, दोन्ही हातांनी उभी धरून. कंडक्टरनं विचारलं, ह्यात काय आहे. औषध म्हणालो.
न्हावऱ्यापर्यंत ओळखीचं कोणी चढलं नाही. न्हावऱ्याला शेवंताबाई चढल्या. गाडी भरलेली होती, माझ्या शेजारची तेवढी जागा रिकामी. मी टाकी घेऊन खिडकीकडं सरकलो. बसा म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं आणि वरचा दांडा धरला.
दौंडपर्यंत उभ्या राहिल्या.