डोळं झाक, कान दे

प्रिय भाऊ,

तुम्हाला जाऊन सोळा महिने झाले. इतक्या दिवसांनी लिहितोय ते आठवण आली म्हणून नव्हे. आठवण रोजच येते, कढई तापली की येतेच. लिहितोय कारण मला तुमचा संशय आलाय.

परवा सोमवारी मला चाळीस पुरी झाली आणि त्याच दिवशी कळलं की भट्टीवर तुम्ही शिकवलेल्या ज्या विद्येवर मी उभा राहिलो, तिच्यात तुमची एक लबाडी होती. आज बुधवार, कारखान्याला सुट्टी. उद्या आठला शटर उघडायच्या आत मला एका बाईचा निकाल लावायचा आहे. सोनाबाईला मी कामावरून काढलंय. ते बरोबर केलं की चूक, हे ठरवताना मधे तुम्ही आलात!

आधी चाळिशीचं सांगतो, म्हणजे माझं डोकं कुठं होतं ते तुमच्या ध्यानात येईल.

मला वाटलं होतं, चाळीस हा नुसता आकडा. पण गेलं वर्षभर माझ्याविरुद्ध कट चाललाय. भुशी धरणाच्या रस्त्यावरच्या आपल्या चिक्कीच्या दुकानात पर्यटक पोरी मला पूर्वी 'भैया' म्हणायच्या. मग 'काका' झालं. या पावसाळ्यात एक बाई, चांगली माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली, मला म्हणाली, "अंकल, इसमें शक्कर कितनी है?" मी तिला आरसा दाखवणार होतो. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. हसून म्हणालो, "गूळ है आंटी." ती जी गप्प झाली!

न्हाव्याने कानाशी येऊन, दवाखान्यात विचारतात तशा आवाजात विचारलं, "थोडा कलर मारू का शेठ?" फोनवर कुणी मुलगी म्हणते, "सर, चाळिशीनंतर फुल बॉडी चेकअप करून घ्या." हिला माझं वय कुणी सांगितलं? जिना चढताना गुडघे वाजतात. तुम्ही माझे कान तयार केलेत, म्हणून मला ते जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतं. पाक अजून उतरवायला आलेला नाही, पण लांबही नाही, असा आवाज आहे.

आणि डोळे? छे, डोळे उत्तम होते! पेपरवाल्यांनी शाई कमी केली होती, एवढंच. कारखान्यातले बल्ब वायरमनने हलके लावले होते, त्याला मी चारचौघांत झापला. मग एके सकाळी मोबाइलवरची अक्षरं अचानक टपोरी झाली. सुरेखाला विचारलं, "हे कुणी केलं?"

"कंपनीनं केलं असेल," बायको म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. इतका बारीक कांदा ती एरवी चिरत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला सगळ्यांचा संशय येतो त्याला स्वतःचा कधी येत नाही, भाऊ.

आता सोनाबाईचं.

तुम्ही असतानाच ती आपल्याकडे आली होती. वरच्या वाडीवरून तासभर डोंगर उतरून येते. भाजलेले दाणे पाखडायचे, टरफलं, खडे, करपलेले दाणे वेगळे काढायचे, हे तिचं काम. नऊ वर्षांत एक खाडा नाही. नवऱ्याला भातलावणीचं काम मिळतं ते दीड महिना, बाकी घर हिच्यावर. निवडलेला दाणा परातीत येतो, आणि कढईत पडायच्या आधी शेवटची नजर माझी. हा नियम तुमचाच. शेवटची नजर मालकाची.

दिवाळीनंतर माझ्या कानाला एक गोष्ट खटकायला लागली. मी परात पास करून वळलो की मागे बायांची कुजबुज व्हायची आणि परातीत हात फिरल्याचा सळसळाट. मी वळून पाहिलं की सगळ्या गप्प. सोनाबाई पदराने तोंड पुसायची. माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत, शेजारच्या गल्लीत नाणं पडलं तरी कुठलं ते सांगीन. म्हटलं, इथे काहीतरी शिजतंय! दाणे उचलतायत? मुद्दाम घाण मिसळतायत? समोरच्या दुकानवाल्याने फितवलं?

मी हुकूम काढला. "मी पास केलेल्या परातीला कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर घरी."

सोनाबाई उठून उभी राहिली. "शेट, येकदा आमी बी बघतो की. आमचं काय जातंय?"

"माझ्यावर नजर ठेवतेस?"

"न्हाई वो शेट." आणि खाली बसली.

त्यानंतर आठ दिवसांत पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या दाढेचा टवका उडाला. चिक्कीत खडा! माणूस भला, फोनवर ओरडला नाही, नुसता म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते ओरडण्यापेक्षा वाईट. मी ताडताड कारखान्यात गेलो आणि सगळ्यांसमोर सोनाबाईला म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या हातात आता राम राहिला नाही."

ती काय म्हणाली माहितीये? सूप भिंतीला टेकवलं, साडीवरची टरफलं झटकली. "परात तुमी बघितली व्हती न्हवं शेट?" एवढंच. मला तो उर्मटपणा वाटला. गेली ती. दुसऱ्या दिवसापासून दाणे मी स्वतः निवडायला बसलो. दाखवतोच म्हटलं, निवडणं कशाला म्हणतात ते.

वाढदिवसाला सुरेखाने केक मागवला होता. मेणबत्त्या चाळीस नव्हत्या, एकच होती. तिचाही मला संशय आला. केक कापून मी टाकवे बुद्रुकला तुमच्या घरी मावशींच्या पाया पडायला गेलो. तुम्ही असताना दर वाढदिवसाला यायचो, तो नेम मोडला नाही. माझ्या हाताने निवडलेल्या दाण्यांची, माझ्याच हाताने उतरवलेल्या पाकाची चिक्की घेऊन गेलो.

मावशी ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "दत्तू, चाळीस झालं न्हवं तुला? थांब." आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. "हे ने. त्येंच्या खोक्यात व्हतं. तुला आता लागंल."

पिशवीत चष्मा! जाड काळ्या काड्यांचा, नव्यासारखा.

"मावशी, हा कुणाचा?"

"कुनाचा म्हंजी? त्येंचा. लय वर्सांचा हाय. भट्टीवर लावत न्हवते. घरात बी दार लावून लावायचे."

"पण भाऊंना चष्मा कशाला? त्यांना कुठं वाचता येत होतं?"

मावशींचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या अंगणात थुंकलो. "कोन म्हनलं? सातवी पास व्हते ते! लगीन ठरल्यावर मला चिट्ट्या धाडायचे. मला वाचता येत न्हवतं, शेजारच्या मास्तरीनबाईकडनं वाचून घ्यावी लागायची. आसलं काय काय लिवायचे, ती बाई हसून हसून मरायची आन् मी लाजून!"

भाऊ! सातवी पास! आणि मी दहावी नापास!

मी थट्टेने म्हणून तो चष्मा नाकावर चढवला. मावशींनी चिक्कीचा तुकडा मोडून तोंडाकडे नेला होता. आणि मला तो दिसला. दोन दाण्यांच्या मधे, दाण्याच्याच रंगाचा, गुळात चकाकणारा तांबूस खडा. मी झडप घालून तुकडा हिसकावला.

"आरं, आनलीस मलाच न्हवं?" मावशी म्हणाल्या.

तो दाणा सोनाबाईने निवडला नव्हता. ती घरी बसली होती. तो मी निवडला होता. दोनदा.

भाऊ, मी तिथे ओसरीवरच बसकण मारली. मागचं सगळं उलगडत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी तुमचा संशय यायला लागला.

आठवतंय, मी वीस वर्षांचा होतो, जुन्या मालकांच्या भट्टीवर? पाकाचा थेंब गार पाण्याच्या ताटलीत टाकायचा, गोळी झाली की काठावर आपटायची. बद्द वाजली तर कच्चा, टण्ण वाजली तर उतरव. बाकीचे कारागीर गोळीचा रंग बघायचे, तार बघायचे. तुम्ही मला कढईकडे पाठ करून उभं करायचात. "डोळं झाक, कान दे. डोळा फसवतो रं, कान न्हाई फसवत." केवढी मोठी विद्या वाटली होती मला! आजही कुणी मोठा माणूस कारखाना बघायला आला की मी हेच सांगतो, समोरचा गहिवरतो, आणि अर्धा किलो जास्त घेतो.

आणि खरं काय होतं? तुम्हाला गोळी दिसतच नव्हती! व्हय की न्हाई?

मावशींना विचारलं, तेव्हा भाऊंचं वय काय? त्यांनी बोटांवर मोजलं. "बेचाळीस आसंल."

मग तो दिवस आठवला, जो आठवायला मला नको होता. पुण्याची ऑर्डर आली होती. मालकांनी कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही तो न बघताच माझ्याकडे सरकवलात. मालक म्हणाले, "का हो भाऊ, तुम्ही का नाही वाचत?" आणि मी, शहाणा, दात काढत म्हणालो, "शेठ, भाऊंना कुठलं वाचता येतंय? अंगठाच की!" सगळी भट्टी हसली. तुम्हीही हसलात. कढई ढवळत म्हणालात, "व्हय, आमी अडानी. दत्तूला म्हायती समदं." त्याच महिन्यात कोठाराच्या किल्ल्या तुमच्या कमरेवरून माझ्या कमरेला आल्या. माझी चढण तिथून सुरू झाली. लोक म्हणतात, दत्ता स्वतःच्या हिमतीवर वर आला. मीही म्हणतो. तो अंगठ्याचा विनोद मात्र मी कधी सांगत नाही.

"मावशी, चष्मा लावला असता तर काय बिघडत होतं?"

"लावला व्हता की येकदा. भट्टीवर कुनीतरी म्हातारबा म्हनलं. त्या दिसापास्नं पिशवीत. मला म्हनायचे, म्हाताऱ्याला मालक काडतो. अडान्याला कुनी काडत न्हाई."

हे ऐकून मी चष्मा काढला. डोळे पुसायला नव्हे, असं लिहिणार होतो. पण तुमच्यापुढे काय लपवायचं!

रागही आला तुमचा. मला एकट्याला तरी सांगायचं होतंत! मी तुमचा कागद गुपचूप वाचला असता, कुणाला कळू दिलं नसतं. वाचला असता का? खरं सांगतो, नसता. वीसच्या वयात माझं तोंड फार सैल होतं. तुम्ही ते ओळखलं होतं, म्हणूनच सांगितलं नाहीत.

पण तुमच्यात आणि माझ्यात फरक आहे, तो मला कालपासून टोचतोय. तुम्ही गप्प राहिलात ते स्वतःची भाकरी वाचवायला. मी तर मालक. मला कोण काढणार होतं? माझं काय जाणार होतं? एक 'अंकल' जास्त ऐकावं लागलं असतं! तेवढं टाळायला मी दुसरीची भाकरी काढली. आणि त्या कुजबुजीचा उलगडा काल सुरेखाने केला. तिला बायांकडून सगळं ठाऊक होतं. मी वळलो की सोनाबाई परातीतून माझ्या नजरेतून सुटलेले खडे वेचायची. महिनोन्‌महिने. मला कळू नये म्हणून बायांना गप्प करायची. "शेटला वाईट वाटंल," म्हणायची. मी ऐकला तो आवाज बरोबर होता, भाऊ. अर्थ मी माझ्या मनाचा लावला. कान न्हाई फसवत म्हणालात, तेवढं मात्र तुमचं चुकलं.

सुरेखाला म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं," ती म्हणाली. "पण मी आधीच घरी आहे." आणि हसली.

आज दुपारी स्टेशनजवळ जाऊन माझ्या नंबरचा चष्मा करून आणला. तुमचा पिशवीत परत ठेवलाय, माझ्याजवळच.

आता वचन देतो. उद्या शटर उघडायच्या आधी मी वाडीवर जाणार. गाडी जाते तिथवर गाडी, पुढे पायी, गुडघे वाजले तर वाजोत. चष्मा नाकावर घालून जाणार. सोनाबाईच्या दारात, तिच्या नवऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर सांगणार की खडा माझ्या नजरेतून सुटला, तिच्या हातातून नव्हे. मी तिला काढलं तेव्हा कारखानाभर माणसं ऐकत होती, म्हणून तेच परत कारखान्यातही सांगणार. आणि आपला नियम बदलणार: पाक मी ऐकेन, पण परातीवर शेवटची नजर सोनाबाईची. ती नको म्हणेल तर नजर न चुकवता ऐकून घेईन. परवा पुन्हा जाईन, तेरवाही जाईन.

आणि तुमच्याबद्दल कुणी विचारलं, तर आता आधी सांगेन की आमचे भाऊ सातवी पास होते आणि पत्रं फार झकास लिहायचे.

तुमचा,
चार डोळ्यांचा दत्तू