फाटकापुढची लाल गाडी

१० ऑगस्ट
कॉलेज अर्ध्यात सोडलं त्याला वर्ष उलटलं, बाबूजी पाहुण्यांना अजून "सुट्टीवर आलाय" सांगतात. आज पहिल्यांदा कामाचं बोलावणं. तेही श्वेताच्या घरून! काकू (तिची आई) म्हणाल्या, "महालक्ष्म्यांपुढं मांडाले लहानसं घर बनवून देशीन का? तुले जमते म्हनतेत." मागून श्वे. : "आमचंच बनव." बस. जेवण गेलं नाही.

१६ ऑग.
एका फुटाला एक इंच. स्ट्रॉ उभी चिरून गेरू लावला की छपरावरचं हुबेहूब कवेलू! काकाजींची (तिच्या बाबांची) खुर्चीही केली. पिंट्या आला. "काय करून राहिला बे? यात कोन बसन, रावन?" दाराशी लावून पाहिली, दारापेक्षा उंच. त्या माणसाला घाबरत घाबरत केली, मग काय होणार. रागात फेकली, गोठ्यात पडली, म्हशीने खाल्ली. पिंट्याशी बोलणं कायमचं बंद.

१७ ऑग.
पिंट्याशी बोलणं सुरू. बारकी करवत त्याच्याकडे आहे.

२८ ऑग.
घर झालं. विहीर, तुळस, दोरीवर हिरवी ओढणी (तिचीच तशी). फाटक गोंदाने बंद चिकटवलं, कारण ते बंदच असतं. तरी काहीतरी कमी. रोज बघतो ते फाटक असं ओकंबोकं नसतं...
कळलं! लाल गाडी केली (माझीच तशी). उजवा आरसा तुटका. हुबेहूब म्हणजे हुबेहूब.

३१ ऑग.
मांडलं. काकाजी माझ्या घराच्या इवल्या खिडकीशी वाकले. "माहा चष्मा बी ठेवला बापा!" खूश. गाडी चष्म्याशिवाय दिसली नसावी.

१ सप्टें.
सत्यानाश. महाप्रसादाच्या निमित्ताने कोंढ्याचे पाहुणे श्वे.ला बघायला. मुलगा नोकरीवाला, भांग सरळ. मले कोणी सांगितलंच नाही! मी पंगतीत आंबील वाढत होतो.
मुलाची आत्या घरापुढे वाकली. "घर तं बराबर आहे. अन् हे लाल गाडी कोनाची व बाई?"
शेजारची आजी पुरणपोळी चावत, "अवो, ते तं रोजच तेथंच राह्यते! आरसा बी तुटलाच आहे पाहा."
मुलाने दारातून बाहेर पाहिलं. खरी गाडी उभीच होती. मग माझ्याकडे पाहिलं. आंबील त्याच्या पँटवर सांडली. मुद्दाम नाही. (थोडी मुद्दाम.)
काकाजी हळूच म्हणाले, "भांडं ठेव अन् घरी जाय."
श्वे. ओढणीत तोंड खुपसून. हसत होती की रडत, काय माहीत.

३ सप्टें.
विसर्जन झालं. काकूंचा निरोप : घर घेऊन जा. ठरवलं, आणून पेटवून देतो. पायीच गेलो.
दार काकाजींनी उघडलं. "गाडी कोठं हाय?"
"घरी."
"हं."
घर तसंच. फक्त फाटकापुढे लाल गाडी नाही. फेकली असेल म्हणून डोकं सणकलं. मग वाकून पाहिलं. अंगणात, हिरव्या ओढणीखाली, नीट स्टँडवर लावलेली. आणि फाटक उघडं! माझा गोंद असा निघत नाही, कोणीतरी बसून नखाने खरवडलाय.
काकूंकडे पाहिलं, त्या वाती वळत होत्या. आत श्वे. कपबशा वाजवत होती, गरजेपेक्षा जास्त.
काकाजी पेपरमागून, "च्या पिऊन जाशीन."
प्यालो. साखर दोनदा पडली होती. घर उचल म्हणून कोणी म्हटलं नाही. मीही नाही उचललं.