मंगळवार-शुक्रवारची गोळी

मं. १२ ऑगस्ट १९८६, पाम, ता. पालघर

उपास. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढून पाच महिने झाले. सकाळी चाळणी मागायची होती, शब्दच येईना. ते पीठ गाळायचं, ते... म्हणत नुसता हात हलवत राहिले. सासूबाई हसल्या. "कथा लिवते नि चालनी बोलता येत नाय." मीही हसले.

दिवाळी अंकाची कथा तिसऱ्या वाक्यावर अडलेली. परवाही तिथेच होती.

गु. १४

काल दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू. मी शेजारीच बसलेली. हे रागावले नाहीत. सासूबाईंना सांगितलं, हिला एकटीला सोडू नका. बोईसरच्या बाजारातही नाही. मग पडवीत शेजाऱ्यांना म्हणाले, "लिहिणं वगैरे संपलं आता तिचं." आवाजात माया होती. तीच जास्त लागली.

बु. २०

पालघरला डॉक्टरांकडे. रक्ताचा रिपोर्ट वाईट. ग्रंथीच्या बदल्यातली गोळी रोज घेता ना? म्हटलं, हो, उपास सोडून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ऑपरेशनच्या वेळी सासूबाई महालक्ष्मीला नवस बोलल्या होत्या: सून वाचली तर ती मंगळवार-शुक्रवार दिवस मावळेपर्यंत पाणीही घेणार नाही. गोळी सकाळची, उपाशीपोटी. त्या दिवशी राहायचीच. यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, आता एकही दिवस चुकवायचा नाही. डोकं बहुतेक जागेवर येईल, दोनेक महिने लागतील. ते "बहुतेक" घेऊन घरी आले.

गु. २१

सासूबाईंना सांगितलं. भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. "तू जगलीस ती देवीमुले. गोलीमुले नाय." ह्यांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

शु. २२

गोळी घेतली. सासूबाईंसमोर.

मग म्हणाल्या, "बरं. तुजा उपास आता मी धरते."

सत्तरी ओलांडलेली बाई. दुपारी माझं ताट त्यांनीच वाढलं, समोर बसल्या. मी भात नुसता चिवडत राहिले. "जेव. तुला आता जेवायचंच हाय." रागानं नाही म्हणाल्या.

दोन महिन्यांत किती मंगळवार, किती शुक्रवार. एवढं करून कथा पुढे सरकली नाही तर...

ओटीवर भिंतीला टेकून बसल्यात, डोळे मिटून. ओठ सुकलेत. बाहेर उजेड अजून बराच आहे.