गुरुवारी ये म्हटलं होतं

३० नोव्हेंबर, सोमवार

मेस उघडली. सुट्टी संपवून आलेली पोरं गप्प रांगेत उभी. एरवी कान किटतात, आज चमच्यांचाच आवाज.

दारावर बेगिमायचा फोटो लावलाय. किर्गिझस्तानची पोर. तिच्या कॉलेजने वर्षभरासाठी इकडे पाठवलेली, तीन महिन्यांत संपली. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या रस्त्यावर एका पिकअपने उडवलं. ड्रायव्हर म्हणे पोलिसांपुढे रडत होता — त्या रस्त्याने पायी कोण जातं? खरंय. तिथे फूटपाथ नाही. आमच्याकडे कुत्रंसुद्धा गाडीतून फिरतं.

माझ्याच काउंटरवर यायची. रोज विचारायची, यात डुक्कर आहे का. रोज! मागे तीस जण खोळंबलेले. मी वैतागून शेवटी तिचे भाजी-बटाटे आधीच एका डब्यात वेगळे काढून ठेवायला लागले.

आज साडेअकराला हाताने तो डबा आपोआप भरला. ड्वेन, आमचा सुपरवायझर, म्हणाला, हे कोणाचं? मी म्हटलं कोणाचं नाही, आणि कचऱ्यात ओतलं.

१ डिसेंबर

घरी पुढच्या दाराने जात नाही. स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करते.

पुढच्या दाराबाहेर ओट्यावर बुटांचे ठसे आहेत. लहान पाय. थंडी अशी की बर्फ दगड झालाय, ठसे जसेच्या तसे. रस्त्यावरून दारापर्यंत आलेले. मग खिडकीशी. तिथे एक जोडी खोल गेलीय, कोणी बराच वेळ एकाच जागी उभं राहिल्यासारखी. मग परत रस्त्याकडे.

फावडं घेऊन गेले. तसंच घेऊन परत आले.

२ डिसेंबर

परदेशी मुलांचं बघणारी हेडी आज मेसमध्ये आली होती. सगळ्यांना उभं करून विचारलं. पोरीच्या आईने फोनवर सांगितलंय म्हणे, की तिला सणाचं जेवायला कोणीतरी घरी बोलावलं होतं. तिकडेच निघाली होती. कोण ते? प्राध्यापकांना विचारून झालं, चर्चमध्ये विचारून झालं. कोणीच नाही म्हणतं.

कोणाचाही हात वर झाला नाही. माझाही नाही.

हेडी मग ड्वेनला हळूच म्हणाली, तिला बहुतेक कोणी बोलावलंच नसेल. ही मुलं आईला काळजी नको म्हणून थापा मारतात. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी सांगते, ती एकटीच असायची, रडायची. आता ती रस्त्याच्या मधोमध कशी आली, काय सांगावं. आईला कसं म्हणणार, की तुमची मुलगी मुद्दाम —

मी काउंटर पुसत होते. पुसलेलाच परत पुसला.

३ डिसेंबर

लिहून टाकते. डोक्यात ठेवून झोप येत नाही.

मी बोलावलं होतं.

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात. तिने विचारलं, एजे, सणाला सगळे कुठे जातात? एजे म्हणजे त्यांच्याकडे मोठी बहीण. मला हसू यायचं — हिच्या आईच्या वयाची मी. म्हटलं, घरी जातात, खातात, भांडतात. ती म्हणाली, हॉस्टेल रिकामं होणार. माझ्या हातात डाव, मागे रांग. म्हटलं, अगं मग माझ्याकडे ये की गुरुवारी, ढीगभर टर्की असते. घर कुठे? धान्याच्या कोठाराच्या पुढे, निळं, चुकायचंच नाही.

असं आम्ही सगळेच म्हणतो. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. ये की कधी! येतं कोण? यायचं असेल तर माणूस आधी फोन करतं, काय आणू विचारतं. फोन नाही म्हणजे येत नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे.

तिला कुठून कळणार? त्यांच्याकडे ये म्हटलं की जायचंच असणार.

आणि टर्की नव्हतीच. कर्टने, माझ्या मुलाने, बुधवारी कळवलं, बायकोच्या माहेरी जातोय. मग कोणासाठी रांधू? गुरुवारी दुपारी गाऊनवर सोफ्यात पडले होते, मांडीवर डब्यातलं गोठलेलं जेवण गरम करून. दारावर टकटक झाली. मान उंच करून खिडकीतून बघितलं. लाल टोपी, हातात कसलीशी पिशवी. चार मैल चालत आलेली!

घरात केर. ताटात ते तसलं. म्हटलं, आता हिला काय वाढू? टीव्हीचा आवाज बंद केला. हललेच नाही. परत टकटक झाली, मग थांबली. गेली असेल, म्हटलं. थोड्या वेळाने आवाज परत वाढवला.

एवढंच केलं मी.

५ डिसेंबर

लवॉनला फोन केला. धाकटी असून माझ्यावर बहिणीपेक्षा सासूसारखी खेकसते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तोंड उघडशील तर खबरदार. गाडी काय तू चालवत होतीस?

मी म्हटलं, त्या पोरीला खोटारडी म्हणतायत.

म्हणाली, मेलेल्यांना काय फरक पडतो.

आज नवा मुलगा रांगेत आला, लाल टोपीचा. माझ्या हातातून डाव पडला.

८ डिसेंबर

पोरीची आई आलीय. गुलझात नाव. बुटकी, डोक्याला रुमाल, हात माझ्यासारखेच — कामाचे. कॉलेजच्या प्रार्थनाघरात सभा होती. मी मागे उभी राहिले.

मोठमोठे लोक बोलले. किती हुशार, किती हसरी. त्यांनी तिला कधी पाहिलं तरी होतं का? आईला त्यातलं काही नको होतं. चोल्पोन नावाची त्यांच्याच देशाची, इथे शिकणारी बाई दुभाषी होती. तिला घेऊन आई एकेकासमोर जाऊन उभी राहत होती आणि एकच विचारत होती. माझी मुलगी कोणाकडे जेवायला निघाली होती?

माणसं आपापल्या बुटांकडे बघत. खांद्यावर हात ठेवत. वेड्याच्या ठेवतात तसा.

माझ्यापर्यंत यायच्या आत मी बाहेर पडले.

९ डिसेंबर

सांगितलं.

हेडीच्या ऑफिसात गेले, एप्रनवरच. आई बसली होती. म्हटलं, माझ्याकडे येत होती. मीच बोलावलं होतं.

एवढं खरं बोलले. मग तोंड आपोआप पुढे चाललं — की मी विसरले, बहिणीकडे गेले, घराला कुलूप होतं. लवॉनकडे गेल्याला दोन वर्षं झाली.

आईने ते चोल्पोनकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटले होते. मग हेडीकडे वळून एकच वाक्य बोलली. चोल्पोनने सांगितलं, "म्हणजे माझी मुलगी खोटं बोलली नव्हती."

हेडी लाल झाली. आईने माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

दुपारपर्यंत मेसभर झालं. जो तो येऊन सांगतोय, अर्डिस, केवढा धीर लागतो याला. ड्वेनने उद्याची सुट्टी दिली. ड्वेनने!

१० डिसेंबर

पहाटेपासून बर्फ पडतोय. ठसे बुजले. वाटलं होतं, बरं वाटेल.

सपाट पांढरं झालंय सगळं. तरी कुठला पाय कुठे होता, मला बोट ठेवून दाखवता येईल.

११ डिसेंबर, शुक्रवार

आई आज गेली. निघायच्या आधी चोल्पोनला घेऊन मेसमध्ये आली. मला भांडी धुण्याच्या खोलीत नेलं, दार लोटलं. ती बोलत गेली, चोल्पोन जमिनीकडे बघत सांगत गेली.

"तुमच्या ओट्यावरून तिने मला फोन केला होता. म्हणाली, बाई घरात आहेत, सोफ्यावर पाय दिसतायत, पण दार उघडत नाहीत. परत फिरू का? मीच नको म्हटलं. म्हटलं, बोलावणारा दार उघडतोच, अर्ध्यातून फिरलीस तर त्यांचा अपमान होईल. थांब. ती अंधार पडेपर्यंत थांबली."

मग आईने सांगितलं, हे तिने स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मीही कोणाला सांगायचं नाही.