हज्जा फिद्दांचं रेकॉर्डिंग

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ८.१०
संकल्प. अर्गिलाचा हुक्का पूर्ण बंद. रोज चालत ऑफिस; आमच्या सॉल्ट शहरातल्या पायऱ्या चढल्या की पोट आपोआप उतरेल. आणि बॅकअपमधून एकदा फाइल परत काढून बघणे. याची खरं तर गरज नाही. रोज पहाटे 'बॅकअप यशस्वी' असा मेल येतो. नवा सर्व्हर आणल्यापासून चारशे मेल, एकही अपयश नाही. अम्मानच्या बँकांनी माझ्याकडे शिकायला यावं.

टॅक्सीने आलो. पाऊस येईलसं वाटत होतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
लोकगीत विभागाच्या सुहैलाबाईंच्या खणात त्यांची स्वतःची डिस्क सापडली. अकरा वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून घेतलेली लग्नातली गाणी, सगळी त्यात. नियम दाखवला : संस्थेचा डेटा खासगी डिस्कवर ठेवायचा नाही. (नियम मीच लिहिलाय.) बाई म्हणाल्या, राहू द्या हो इंजिनिअरसाहेब, त्याने मला आपली झोप लागते. म्हटलं, सर्व्हरवर आहेतच की सगळी, निवांत झोपा, मी आहे ना.

डिस्क पुसली. चांगली होती, वाया कशाला घालवायची? आमच्या यज़नला गेमसाठी घरी नेली. पोरगं खूश.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आज बॅकअप तपासणार होतो. पण गुरुवारी सर्व्हरला हात लावायचा नाही, बिघडलं तर शुक्रवार-शनिवारची सुट्टी गेली. मी शिस्तीचा माणूस. संध्याकाळी अर्गिला, एकच. सफरचंदाची. फळच ते.

सोमवार, १० फेब्रुवारी. ११.४०
सर्व्हर बसला. त्यातली डिस्क गेली. सगळ्यांना सांगितलं, चहा घ्या, तासाभरात सगळं परत.

२.००
चारशे बॅकअप उघडले. चारशेच्या चारशे रिकामे. गाणी नव्या जागी हलवली तेव्हा बॅकअपला जुनाच फोल्डर सांगितलेला राहिला. रोज रिकामा फोल्डर, रोज यशस्वी. मेल तसा खोटा नव्हता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
यज़नकडून डिस्क हिसकावून घेतली. वर फुटबॉलचे तीन गेम बसलेत, खाली काही नाही. अम्मानचा दुरुस्तीवाला सर्व्हरची डिस्क बघून म्हणाला, देव तुम्हाला दुसरी देवो.

सुहैलाबाईंना सांगितलं, यंत्र बिघडलं. खोटं नाही, बिघडलंच. त्या उठून माझ्यासाठी मरमिय्याचा पाला घातलेला चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमचाच चेहरा उतरलाय, आधी हे प्या. प्यायलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. उद्या सगळं सांगणार. डिस्कचं, फोल्डरचं, सगळं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
मीटिंगा होत्या. उद्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
गुरुवारी असलं काही काढायचं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
बाईंनी यादी केली. त्रेसष्ट बायका गायल्या होत्या. एकेचाळीस आता नाहीत. उरलेल्यांकडे पुन्हा जायचं म्हणतायत, रमजानच्या आधी जमतील तेवढ्यांकडे. म्हटलं, मी येतो मशीन धरायला. वाटेत गाडीत सांगेन, तेच बरं. घरी बायको रुदैना मला म्हणाली, अबू यज़न, बायकोसाठी कधी सुट्टी मोडली नाहीस, बरा आहेस ना?

शनिवार, २२ फेब्रुवारी
गाडीत नाही जमलं. बाई समोरून येणाऱ्या ट्रकवरून मला सारख्या सावध करत होत्या.

हज्जा फिद्दा. वय एकोणनव्वद. रेकॉर्डिंग सुरू केलं तशी विचारतात, अगं सुहैला, मागे सगळं गायले होते की, त्याचं काय केलंत? सुहैलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हज्जा, यंत्र बिघडलं. हज्जा म्हणाल्या, होतं रे बाळा, माझंही बिघडलंय.

मागच्या वेळी चाळीस मिनिटं गायल्या होत्या. आज नऊ. नवरीला मेंदी लावेपर्यंत आल्या, पुढचं आठवेना. तीनदा पहिल्यापासून सुरू केलं, तीनदा तिथेच अडल्या. मग सुहैलाबाईंचा हात धरून म्हणाल्या, होतं गं पुढे, खूप होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी
बाईंना सुचवलं, सुरुवातीचं बोलणं कापू का, फाइल जरा लहान होईल. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, रेकॉर्डिंगमधलं काही कापायचं नाही, अकरा वर्षांत कापलेलं नाही.

तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या. प्रत्येक परत काढून, कानाला लावून, सुरुवातीपासून ऐकली. तिन्ही शाबूत. तिन्हींत हज्जांच्या गाण्याआधी माझा आवाज येतो, अगदी स्वच्छ.